बंधारा कुठं बांधायचा, हे कोळणीला कोण विचारणार?

माहेर_कोकण: मी राहते नागपुरात, त्रिमूर्तीनगरला. माहेर श्रीवर्धन तालुक्यातलं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात बाबांच्या १२ गुंठ्यांतल्या पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, दुपारच्या दुपारी आडव्या झाल्या. भरपाई आधी हेक्टरी ५०,००० ठरली, म्हणजे आमच्या वाट्याला जेमतेम ६,०००. अहो, आमच्याकडे वाडी गुंठ्यांत मोजतात! ओरड झाली तेव्हा झाडामागे दर आला: नारळाला २५०, पोफळीला ५०. नवी पोफळ धरायला सहा-सात वर्षं जातात. आणि सुपारी सोलायला येणाऱ्या बायकांच्या नावावर एकही झाड नाही, त्यांचा तर हिशेबच कुणी केला नाही.

आता समुद्रानं किनारा खाऊ नये म्हणून गावात धूपप्रतिबंधक बंधारा हवा, असं बोलणं चाललंय. भाऊ म्हणतो, लवकर होऊ दे, वाडी वाचेल. शेजारची कोळीणमावशी म्हणते, मग होडी कुठं ओढायची, मासळी कुठं वाळत घालायची? मला दोघांचंही पटतं. मावशीचं म्हणणं सांगायला काही जागा आहे का?

वैनगंगाकाठ: ताई, आमचं गाव धरणात गेलं. मोबदला सातबारा पाहून भेटला. आमी ढिवर, नदीत मासे धरनारे, आमचा सातबारा म्हणजे नदी. ते कोन लिहून ठेवलं होतं? तुमच्याकडे तर धरणही नाही. समुद्रानं उठवलं तर प्रकल्पग्रस्ताचा दाखला कोन देईन? मावशीले सांगा, आपली जागा आताच कागदावर आणा.

धरमपेठ_वकील: वरचा सल्ला अगदी बरोबर. किनारी क्षेत्र व्यवस्थापन आराखड्याच्या नकाशात मच्छीमार वस्त्या, मासळी वाळवायच्या जागा दाखवाव्या लागतात आणि मसुद्यावर जनसुनावणी होते. मावशीनं म्हणणं मांडायची जागा तीच. नकाशा बारकाईनं पाहा, कारण २०१९ च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेनं दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर ना-विकास क्षेत्र, म्हणजे भरतीरेषेपासून बांधकामावर बंधन असलेला पट्टा, २०० मीटरवरून ५० वर आणलंय. मोकळी दिसणारी वाळू दुसऱ्या कुणाच्या नजरेत भरायला वेळ लागत नाही. मुंबईत वरळीच्या कोळ्यांनी लावून धरलं म्हणून त्यांच्या होड्यांच्या वाटेवरच्या सागरी रस्त्याच्या खांबांमधलं अंतर ६० वरून १२० मीटर झालं. धुपेनं विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनासाठी १५ व्या वित्त आयोगानं २०२१-२६ करता १,००० कोटी सुचवले होते, तेही निवेदनात लिहा.

माहेर_कोकण: मावशीला आत्ताच फोन केला. नकाशा तिनं कधी पाहिलेलाच नाही. भाऊ उद्या तिला सोबत घेऊन तालुक्याला जातोय. दादा, तुमच्या गावाचं ऐकून गलबलून आलं.