नम्रता म्हणजे गप्प बसणं नव्हे

ख्रिस्ती नम्रतेमुळे माणसं, विशेषतः बायका, स्वतःला तुच्छ समजू लागतात, असं म्हटलं जातं. हा मुद्दा मला पूर्ण पटत नाही. नम्रतेच्या नावाखाली बायकांना गप्प बसवलं गेलं, हे खरंच आहे आणि त्याचा मला रागही आहे.

पण पंडिता रमाबाईंकडे बघा. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांना धर्मशिक्षण देणाऱ्या सिस्टर जेराल्डिन यांना आज्ञाधारकपणा हवा होता. रमाबाईंनी १८८५ च्या पत्रात ठणकावून कळवलं की मला स्वतःची सदसद्विवेकबुद्धी आहे, स्वतःचा विचार आहे. याच बाईंनी पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात उपाशी, आजारी मुलींना आणून केडगावात सांभाळलं. हा ताठपणा आणि ही सेवा मला तरी परस्परविरोधी वाटत नाहीत.

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात, १३ व्या अध्यायात, येशूने शिष्यांचे पाय धुण्याआधी एक गोष्ट मुद्दाम सांगितली आहे: आपण देवाकडून आलो आणि देवाकडे जाणार, हे येशूला ठाऊक होतं. म्हणजे स्वतःची किंमत आधीच पक्की होती, म्हणून खाली वाकता आलं. याउलट, किंमत बाहेरून वाढवण्याचेही प्रयत्न होतात. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने तर १९८६ मध्ये लोकांचा आत्मसन्मान वाढवण्यासाठी सरकारी कृतिदल नेमलं होतं. हेतू चांगलाच होता. पण सतत कौतुकाने भरत राहावा लागणारा आत्मसन्मान फार लवकर दुखावतो, आणि मुलांवर त्याचं केवढं ओझं पडतं! रमाबाईंना सिस्टरांची नाराजी झेपली, कारण त्यांची किंमत त्या नाराजीवर ठरत नव्हती.