मदत हवी आहे: ग्रँड कॅन्यनमध्ये एक सकाळ पळायला, साउथ कैबाब की ब्राइट एंजल?

मंडळी,

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात सासू-सासरे, नवरा आणि लेक असा सगळा लवाजमा घेऊन ग्रँड कॅन्यनला चाललोय. मुक्काम साउथ रिमवर, म्हणजे दरीच्या दक्षिण काठावर. कुठल्या पॉइंटला किती वाजता जायचं हे नवऱ्याने एक्सेलमध्ये मांडून ठेवलंय, त्यात मी नाक खुपसत नाही. त्या एक्सेलमधली एक सकाळ मात्र माझ्या नावावर आहे, पहाटेपासून फार तर बारापर्यंत. ती दरीत उतरून पळण्यात घालवायची आहे.

पुण्यात असताना सिंहगड नेमाने व्हायचा, साताऱ्याची हिल मॅरेथॉनही पळलेय. आता न्यू जर्सीत सगळं सपाट, समुद्रसपाटीला लागून. गुडघे शाबूत आहेत.

घोळ असा की आजवर पळाले ते सगळे डोंगर आधी चढायचे, मग उतरायचे. दम संपला की मागे फिरा, उतार आपोआप गाडीपाशी आणून सोडतो. साताऱ्यातही यवतेश्वरचा घाट पहिल्या अर्ध्यात आटपतो. कॅन्यन म्हणजे उलटा सिंहगड! ताज्या पायांना उतार, आणि पाय बोलायला लागले, ऊन वर आलं की चढ. त्यात चढ संपतो ते ठिकाण साधारण सात हजार फुटांवर, म्हणजे कळसूबाईच्या शिखरापेक्षाही दीडेक हजार फूट उंच. तेव्हा कुठून मागे फिरायचं याचा अंदाज पायांवर सोडता येणार नाही, एवढं कळतंय.

तळाच्या कोलोरॅडो नदीपर्यंत जाऊन त्याच दिवशी वर येण्याचा विचार नाही. पार्कवालेच नको म्हणतात, आणि माझ्याकडे तेवढा वेळही नाही. डोळ्यासमोर दोन वाटा आहेत:

साउथ कैबाबने स्केलेटन पॉइंट. जाऊन-येऊन 6 मैल, सुमारे 2,000 फूट उतार-चढ. फोटो बघून जीव हिच्यातच अडकलाय.

ब्राइट एंजलने हवासुपाई गार्डन्स (2022 पर्यंतचं नाव इंडियन गार्डन). जाऊन-येऊन 9 मैल, 3,000 फूट.

कोणती घेऊ? पाणी किती न्यावं? आणि सपाटीवर राहून चढाचा सराव कसा करतात? प्रत्यक्ष गेलेल्यांनी सांगितलं तर बरं. यूट्यूब बघून झालंय.

— जर्सीची_धावपटू

फिनिक्सकर: वरचेवर जातो, म्हणून लिहितो. कैबाबची वाट डोंगराच्या सोंडेवरून उतरते, त्यामुळे दोन्हीकडे दरी उघडी दिसते. फोटो त्यामुळेच तसे येतात आणि सावली त्यामुळेच नाही. वाटेत पाण्याचा थेंब मिळत नाही. ब्राइट एंजल भूस्तरभंगाच्या खाचेतून जाते. कडे उंच, सकाळी बराच वेळ सावली, दीड मैलावर आणि तीन मैलांवर विसाव्याच्या जागा, आणि गार्डन्सला कॉटनवुडची झाडं नि रेंजर स्टेशन. पहिल्यांदा आणि एकटी जाणार असाल तर ब्राइट एंजल. शिवाय कैबाबच्या तोंडाशी खासगी गाडी नेऊ देत नाहीत, पहाटेच्या बसवर अवलंबून राहावं लागतं. दिवसाभराला परमिट लागत नाही.

पाण्याचं मात्र नळ आहे म्हणून गृहीत धरू नका. या नळांचं पाणी पार नॉर्थ रिमच्या (उत्तर काठाच्या) बाजूच्या रोअरिंग स्प्रिंग्ज नावाच्या झऱ्यांमधून येतं. जुनी पाइपलाइन आहे, सारखी फुटते, आणि दुरुस्तीच्या कामामुळे वाटांचे काही भागही बंद ठेवतात. आदल्या रात्री पार्कची वेबसाइट बघा. नळ चालू दिसले तरी निघताना दोन लिटर पाठीवर हवंच.

घाटवाट: कैबाब पळण्यासारखी वाटते, पण तिथे दर काही फुटांवर माती धरून ठेवायला आडवे ओंडके घातलेत. खेचरांच्या टापांनी दोन ओंडक्यांमधली माती उकरून खड्डे झालेत, आणि खड्ड्यांत पिठासारखी लाल धूळ. उतरताना प्रत्येक ओंडक्यावरून उडी. ताल लागला म्हणेपर्यंत तुटतो, आणि मांड्यांची वाट लागते. ती लागलीय हे परत चढायला लागल्यावर समजतं.

वाचनात आलेली एक गंमत: कैबाबची वाट पार्कने 1920च्या दशकात बांधली, कारण ब्राइट एंजलवर राल्फ कॅमेरॉन नावाच्या गृहस्थाने टोल लावून ठेवला होता. टोल चुकवायला आख्खा रस्ता! आपल्याकडच्यांना पटेल.

सदाशिवपेठी_आजोबा: सूनबाई, तुम्ही पळा, पण सासू-सासऱ्यांना त्या वेळात हॉटेलात बसवणार काय? आम्ही दोघं गेलो होतो तेव्हा रिमवरच्या डांबरी वाटेने यावापाई म्युझियमपासून गावापर्यंत निवांत चाललो. तिथे 'ट्रेल ऑफ टाइम' आहे. एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं, जमिनीत धातूच्या खुणा बसवलेल्या, आणि त्या त्या काळाचे खडक हात लावून बघायला ठेवलेत. हिचे गुडघे दुखतात, तरी जमलं. चहा मात्र थर्मासमधून न्या.

जर्सीची_धावपटू: आजोबा, हे एक्सेलमध्ये नव्हतं! नवऱ्याला पाठवलं. फिनिक्सकर, कपड्यांचं काय? पहाटे थंडी असते ना?

फिनिक्सकर: रिमवर पहाटे दोन-तीन अंश, त्याच दिवशी दुपारी खाली नदीशी तिशीच्या आसपास. हातमोजे, टोपी आणि काढून पिशवीत कोंबता येईल असं पातळ जॅकेट. नुसतं पाणी ढोसत राहू नका. कोरड्या हवेत घाम जागच्या जागी उडतो, मीठ गेलेलं कळत नाही, आणि रक्तातलं सोडियम उतरलं की भलतंच होऊन बसतं. इलेक्ट्रालची पाकिटं, खारे दाणे, चिक्की जवळ ठेवा. खारींना मात्र काही देऊ नका. लाडात येऊन पिशवी फाडतात आणि चावतातही. खाली मोबाइलला रेंज धरू नका, कुठून फिरणार नि किती वाजता वर येणार ते घरच्यांना लिहून द्या.

मागे फिरायचं ते घड्याळ बघून, ठिकाण बघून नाही. उतरायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट चढायला धरा. साडेसहाच्या सुमारास उजाडतं. तेव्हा निघालात तर आठला जिथे असाल तिथून परत, गार्डन्स समोर दिसत असलं तरी.

घाटवाट: सरावाचं सांगतो. चढासाठी ट्रेडमिलला पूर्ण कल द्या आणि पळू नका, हात मांड्यांवर ठेवून झपझप चाला. तिथेही तेच करायचंय. पण खरी कसोटी उताराची. त्यासाठी दहा-बारा मजल्यांचा जिना शोधा, लिफ्टने वर जा आणि पायांनी उतरा. शेजारी विचारतील, सांगून टाका.

जर्सीची_धावपटू: आमच्या ऑफिसच्या पार्किंगला जिना आहे, तोच धरते. ठरलं मग: ब्राइट एंजल, आठ वाजता परत. कैबाबला आदल्या दिवशी संध्याकाळी नवऱ्यासोबत ऊ-आ पॉइंटपर्यंत चालत जाऊन येऊ. एका बाजूने एक मैलही नाही, तेवढ्यावर समाधान. शेवटचा प्रश्न: खेचरांचा तांडा पुढे चालला असेल तर मागून ओरडून वाट मागायची का?

फिनिक्सकर: अजिबात नाही! पळणं थांबवा, तांडेवाल्याला दुरूनच हाक मारा आणि तो सांगेल तसं करा. समोरून आले तर डोंगराच्या अंगाला उभ्या राहा, दरीच्या अंगाला कधीच नाही. हालचाल, आवाज काही नको. शेवटचं खेचर 50 फूट पुढे गेलं की मग निघा.