पौर्णिमेपेक्षा चतुर्दशी बरी

सातपुड्यावरून उगवणाऱ्या चंद्राचा फोटो काढला की चंद्र पांढराफटक येतो आणि डोंगर काळा पडतो, अशी तक्रार आहे. त्यावर कुणीतरी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) वाढवायला सांगितलंय. ते नका करू. पूर्ण चंद्रावर ऊनच पडलेलं असतं. एफ ११ (लेन्सच्या छिद्राचा आकार), आयएसओ १००, शटर १/१०० सेकंदाच्या आसपास ठेवलं तर चंद्रावरचे डाग स्वच्छ येतात. अडचण डोंगरावर उजेड कमी पडण्याची आहे. म्हणून चतुर्दशीला जा. चंद्र पौर्णिमेपेक्षा पाऊण-एक तास आधी उगवतो, तेव्हा डोंगरावर अजून संधिप्रकाश असतो.

महिना मार्गशीर्ष किंवा पौष. तेव्हा चंद्र बराच ईशान्येकडे उगवतो, म्हणजे जळगाव जिल्ह्यातल्या यावल-चोपड्याकडून पाहिलं तर थेट सातपुड्याच्या अंगाला. उन्हाळ्यात तो आग्नेयेला सरकतो. (भरिताचे दिवसही हेच, बेत जमतो.)

मी यावलबाहेर केळीच्या बागेच्या बांधावर ट्रायपॉड लावला होता. पंचांगातली वेळ टळून गेली, कारण डोंगराआडून यायला चंद्राला जास्त वेळ लागतो. मग कड्यावरच्या एका झाडामागून तांबूस, चपटी कोर निघाली, खालची कड थरथरत होती. दोन मिनिटांत चंद्र स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो, तेव्हा फोकस आधीच करून ठेवा.

आणि डोंगराजवळ जाऊ नका! दहा-अकरा किलोमीटरवरून शंभर मीटरचा सुळका चंद्राएवढाच दिसतो. दूरचं मोठं दाखवणारी ३०० किंवा ४०० मिमीची लेन्स मिळाली तर भाड्याने घ्याच.