देणगी प्रकल्पाला मिळते, संस्थेला मिळत नाही

प्रश्न
आमची छोटी संस्था प्रौढांसाठी साक्षरता वर्ग चालवते. पुस्तकांसाठी लोक सढळ हाताने देतात. मात्र हिशेबनिसाचा पगार, भाडे किंवा लेखापरीक्षणाचे शुल्क यांचा विषय निघाला की 'माझा पैसा थेट गरजूंपर्यंतच जावा' असे ऐकावे लागते. खात्यात रक्कम असते, पण ती प्रकल्पाशी बांधलेली असल्याने पगार थकतात. प्रशासकीय खर्च अहवालात शक्य तितका कमी दाखवावा, असे काही विश्वस्तांचे मत आहे. ते योग्य ठरेल का?

प्रतिसाद १
अजिबात नाही. अमेरिकेतील अ‍ॅन गॉगिन्स ग्रेगरी आणि डॉन हॉवर्ड यांनी २००९ साली या दुष्टचक्राची नेमकी मांडणी केली होती: देणगीदारांची अपेक्षा अवास्तव असते, तिला उतरण्यासाठी संस्था खर्च दडवतात, आणि दडवलेला आकडा वाचून देणगीदारांची अपेक्षा आणखी कडक होते. पुढे २०१३ साली गाईडस्टार आणि चॅरिटी नॅव्हिगेटर यांसारख्या, संस्थांची माहिती आणि मूल्यांकन देणाऱ्यांनीच देणगीदारांना जाहीर पत्र लिहून, केवळ प्रशासकीय खर्चाच्या टक्केवारीवरून संस्थेची पारख करू नका, असे सांगितले. तुम्ही प्रत्येक प्रकल्पाच्या अंदाजपत्रकातच भाड्याचा आणि हिशेबनिसाच्या वेळेचा वाजवी वाटा धरा. वर्ग भरतो तो भाड्याच्या खोलीतच. मग ते भाडे वर्गाचा खर्च नव्हे तर कशाचा?

प्रतिसाद २
वरील मत पटते, परंतु देणगीदाराची शंका निव्वळ अज्ञानातून येते असे मला वाटत नाही. पैसे दिल्यानंतर पावतीपलीकडे काहीच न कळल्याचा अनुभव अनेकांना असतो. अर्थतज्ज्ञ जेम्स आंद्रेओनी यांनी १९९० साली दाखवले की देणाऱ्याला परिणामाखेरीज देण्याच्या कृतीचेही समाधान हवे असते. त्या समाधानाला कमी लेखू नये. आम्ही एका वर्षी बंद पडलेल्या वर्गाची कारणे देणगीदारांना सविस्तर कळवली. देणग्या आटतील अशी धास्ती होती (खजिनदारांना तर झोप नव्हती), पण उलट काहींनी दरमहा लहानशी, कोणतीही अट नसलेली रक्कम सुरू केली. आमचे पगार आज त्यातूनच होतात.

प्रतिसाद ३
आभाराच्या पत्रातच पुढची मागणी जोडू नका, एवढेच सुचवतो.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. आम्ही नेमकी तीच चूक करत आलो आहोत. पुढील अहवालात भाडे आणि पगार स्वतंत्रपणे, स्पष्ट मांडण्याचा ठराव विश्वस्तांपुढे ठेवतो; विरोध होईलच.