मदत हवी आहे : चागासचं औषध होऊन तीन वर्षं झाली, पोराचा रिपोर्ट अजून पॉझिटिव्हच

नमस्कार मंडळी,

इथे लॅबवाली आणि डॉक्टर मंडळी बरीच आहेत म्हणून धागा काढतेय. प्रश्न आडवळणाचा आहे, सांभाळून घ्या.

मी चंद्रपूरची, मायक्रोबायोलॉजीवाली. सध्या अर्जेंटिनात, सांतियागो देल एस्तेरो प्रांतात एका छोट्या लॅबमध्ये आहे. काम मुख्यतः चागास या परजीवीमुळे होणाऱ्या आजाराचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : विंचुका म्हणून ढेकणाचा थोरला भाऊ शोभेल असा, अंगठ्याच्या पेराएवढा किडा असतो. मातीच्या भिंतींच्या भेगांत राहतो, रात्री रक्त पितो आणि पिता पिता तिथेच घाण करतो. झोपेत खाजवलं की त्या घाणीतला ट्रिपॅनोसोमा क्रुझी हा सूक्ष्म परजीवी आत शिरतो. आईकडून पोटातल्या बाळालाही जातो. पुढे वर्षानुवर्षं काही कळत नाही, आणि शंभरातल्या वीस-तीस जणांचं हृदय कामातून जातं.

गेल्या आठवड्यात एक आई नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आली. सहाव्या वर्षी शाळेतल्या तपासणीत सापडलेला. बेन्झनिडाझोल हे चागासचं औषध 60 दिवस, अंगभर पुरळ उठलं तरी बाईने एक गोळी चुकवली नव्हती. आता पुन्हा एलायझा आणि हिमॅग्लुटिनेशन (दोन्ही रक्तातल्या अँटिबॉडी, म्हणजे परजीवीविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिनं, शोधणाऱ्या चाचण्या), दोन्ही पॉझिटिव्ह. तिने कागद टेबलावर पसरला, त्या शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "मग साठ दिवस कशाला दिलं?" मी म्हटलं, अँटिबॉडी जायला वेळ लागतो. तिने ऐकून घेतलं, कागदाची चौघडी घालून पिशवीत ठेवला. पटलं नव्हतं, दिसतच होतं.

गंमत अशी की हीच न पुसणारी अँटिबॉडी सर्वेक्षणात आमच्या फार कामाची. मोठ्या माणसात ती सापडली तर लागण काल झाली की चाळीस वर्षांपूर्वी, काही कळत नाही. पाच वर्षांखालच्या पोरात सापडली तर एक तर घरात किडा आहे, नाहीतर आईकडून आलंय. ब्राझीलने 2001 ते 2008 मध्ये अशी 1,04,954 मुलं तपासली, 32 पॉझिटिव्ह निघाली आणि त्यांतल्या 20 जणांच्या आयाही पॉझिटिव्ह होत्या. (तान्ह्यांचं वेगळं. आठ-दहा महिने आईच्याच अँटिबॉडी फिरत असतात, म्हणून आम्ही केशनळीत रक्त फिरवून मायक्रोस्कोपखाली जिवंत वळवळ शोधतो.)

तर विचारायचं होतं ते असं. वाचलंय की मुलांच्या टी पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) गॅमा इंटरफेरॉन आणि इंटरल्युकिन-2 अशी दोन-तीन सायटोकाइन्स, म्हणजे पेशींची निरोप्या प्रथिनं, एकदम सोडतात, जुन्या मोठ्या रुग्णांच्या मात्र थकून एकावर येतात. मग एलिस्पॉट (किती पेशी सायटोकाइन सोडतात ते मोजणारी चाचणी) करून औषध लागू पडलं का, हे अँटिबॉडीच्या आधी कळेल का? रक्त मिळणार 3 मिली. मोठी लॅब चार तासांवर, बाहेर 40 अंश. शिवाय या मुलाला यंदाच्या सर्वेक्षणात कुठल्या रकान्यात टाकू?

काचपट्टी :
3 मिलीत होईल. मिलीला दहा लाख पेशी धरा. प्लेटवरच्या एकेका विहिरीला (खळग्याला) 4 लाख घातल्या तर रिकामं माध्यम, परजीवीचा अर्क आणि पॉझिटिव्ह कंट्रोल, प्रत्येकी दोन विहिरी, म्हणजे 24 लाख. पुरतं, पण सांडायची सोय नाही. आणि उन्हाला घाबरून नळ्या बर्फात खोचू नका, पेशी बिघडतात. 20-25 अंशांवर, जाड डब्यात, त्याच दिवशी पोचवा.
पण एक सांगतो, औषधाच्या आधीचं एलिस्पॉट नसेल तर आत्ताच्या आकड्याची तुलना कशाशी करणार? एकट्या आकड्यावरून त्या आईला काही सांगू नका.

निवृत्त_डॉक्टर :
ताई, अर्जेंटिनातल्याच साल्ता प्रांतातली बेन्झनिडाझोलची जुनी चाचणी आठवा, 1998 ला छापून आली. 6 ते 12 वयाची मुलं. चार वर्षांनी औषधवाल्यांपैकी 62 टक्के एफ-29 या परजीवीच्या एकाच अँटिजेनच्या (प्रथिनाच्या) एलायझात निगेटिव्ह झाली, प्लासिबोतलं (नुसती दिखाऊ गोळी दिलेलं) एकही नाही. नेहमीच्या चाचण्या मागे रेंगाळत होत्या. म्हणजे तीन वर्षांनी पॉझिटिव्ह येण्यात नवल नाही. तान्ह्या वयात औषध झालं असतं तर एव्हाना अँटिबॉडी गेल्या असत्या.
पीसीआर (रक्तात परजीवीचा डीएनए शोधणारी चाचणी) जरूर करा. पॉझिटिव्ह आला तर औषध फसलं (किंवा घरात पुन्हा किडा आहे, तेही बघा). निगेटिव्ह आला म्हणून मात्र पेढे वाटू नका, जुन्या आजारात परजीवी रक्तात सतत नसतो.
अवांतर : चंद्रपूरच्या म्हणता, तर तुमच्याच जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला सर्रा या गुरांच्या आजाराचा ट्रिपॅनोसोमा (चागासच्या परजीवीचा भाऊबंद) झाला होता, 2005 ला जगभर छापून आलं. रक्तातलं एक संरक्षक प्रथिनच नव्हतं बिचाऱ्याच्या. सुरामिन या औषधाने बरा झाला.

काचपट्टी :
रकान्याचं राहिलं. 'आधी उपचार झालेले' असा वेगळा रकाना करा. नाहीतर जुनी लागण नवी म्हणून मोजली जाईल आणि गावात उगाच फवारणीची पथकं धावतील. आणि सहाव्या वर्षीचा सीरम (रक्तातला पाणीदार भाग) फ्रीझरमध्ये असेल तर तो आणि आजचा एकाच प्लेटवर लावा. वेगवेगळ्या दिवसांचे आकडे शेजारी ठेवण्यात अर्थ नाही.

धागाकर्ती :
काका, सर्ऱ्याचं ते प्रकरण घरी ऐकलं होतं, प्रथिनाचं आत्ता कळलं.
@काचपट्टी, एकाच प्लेटचं खरंच सुचलं नव्हतं! लगेच फ्रीझर उपसला. त्या वर्षीच्या नळ्या आहेत, पण दोन लेबलांची शाई पुसलीय. त्याची कुठली ते रजिस्टरवरून जुळवतेय. सापडली तर सोमवारी प्लेट लावते आणि त्या बाईंना दोन्ही विहिरींचा रंगच दाखवते. आकडे इथे टाकेन.