वानरांचं खुलं आवार: सिमेंटचा वड चालेल का?

वऱ्हाडी_टीस्क्वेअर
आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे, नागपुरातच. थीसिसला प्राणीसंग्रहालयातलं वानरांचं आवार घेतलंय. प्राणी आपलं नेहमीचं काळ्या तोंडाचं वानर, साइट गोरेवाड्याच्या बाजूची धरली आहे. मधोमध कृत्रिम खडकाची टेकडी, पारंब्यांसकट सिमेंटचा वड, भोवती पाण्याचा खंदक आणि लोकांसाठी तीन मीटर उंच व्ह्यूइंग डेक, असं मांडलंय. रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरवरची चित्रं, झकास आली. गाइड मात्र म्हणाले, "रिसॉर्ट वाटतोय."
आवार नैसर्गिक दिसलं पाहिजे आणि वानरालाही मानवलं पाहिजे. खंदक किती रुंद ठेवू? खरी झाडं लावली तर टिकतील का? प्रत्यक्ष काम केलेल्यांनी सांगावं.

गड्डीगोदाम_एक्सप्रेस
एखाद्या दुपारी रामटेकला जाऊन बस. गडावरची वानरं बाराच्या उन्हात कुठं टेकतात ते बघ आणि तेच काढ. फक्त हातात पिशवी नेऊ नको.

जुना_किपर
बेटा, गाइडचं खरं आहे, पण रिसॉर्टपेक्षा मोठी भानगड दुसरी आहे. आयुष्यभर माकडा-वानरांचे पिंजरे झाडले मी, कुठं ते विचारू नको. नकाशेही पुष्कळ पाहिले. प्लॅन, म्हणजे वरून दिसणारा नकाशा, रंगवून आणतात, सेक्शन, म्हणजे उभा छेद, मात्र नावापुरता. वानर काही प्लॅनमध्ये राहत नाही, ते सेक्शनमध्ये राहते. भेदरलं की ते वर पळते. तू लोकांनाच वर चढवलं, मग ते जाईल कुठं? डेक काढून टाक. लोकांची वाट खाली घे, झुडपांतून वळवत ने आणि एक-दोन ठिकाणीच उघडी ठेव. चारी बाजूंनी माणसं असली तर त्याले पाठ फिरवून बसायलाही जागा उरत नाही.

टेकडीचं म्हणशील तर मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर पारा जाते तेव्हा त्या सिमेंटवर हात ठेवून पाहा. रात्रीपर्यंत वाफ सोडते ते. हिवाळ्यात सकाळच्या उन्हाले बसायला पूर्वेच्या तोंडाचा लहानसा खडक पुरे झाला.

सिमेंटचा वड मले पटतच नाही. फांदी वाकली पायजे, हलली पायजे, वानराचं सारं अंग त्याच अंदाजावर चालते. वादळात पडलेलं झाड फांद्यांसकट आणून रोव, एक-दोन वर्षांत सडलं की बदल. जाड दोर बांध, काही ताणून, काही ढिले. अग्निशमन दलाच्या जुन्या होजच्या (पाण्याच्या नळीच्या) पट्ट्या विणून झोळ्या होतात, त्यात पिल्लांचा दिवस जाते. आणि प्रत्येक माचीवरून उतरायला दोन वाटा ठेव. मोठा नर एकीकडून आला की दुसऱ्याले निसटता आलं पायजे. जिथं वाट संपते तिथंच चावे होतात, टाके मग डॉक्टर घालते.

झाडं लाव, पण हे पानं खाणारं जनावर आहे. चार-दोन खोडं वीजतारेनं राख, बाकीची खाऊ दे. याच्या पोटात कप्पे असतात, पाला तिथं आंबते. केळी-पाव चारले की पोट बिघडते. म्हणून साइटवर उंबर, पिंपळ, बोर, शेवग्याची वेगळी पाल्याची बाग दाखव, रोज फांद्या तोडून टाकता येतील. कण्हेर कुठंच नको, लोकांच्या बाजूलेही नाही, विषारी असते.

खंदक. वानर आडवी साडेचार मीटरपर्यंत उडी घेते, उंचावरून खाली झेपावलं तर दहा-बारा मीटर जाते. म्हणजे रुंदी ठरते काठाजवळच्या सगळ्यांत उंच बैठकीवरून. बाहेरचं झाडही त्याच हिशेबानं दूर ठेव. पाण्याच्या भरवशावर राहू नको, लाल तोंडाचं माकड तर सरळ पोहून जाते. आतला काठ उतरता कर, पडलेलं पिल्लू वर चढलं पायजे. किमान मापं केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरणाची वाच. ती किमान आहेत, तेवढ्यावरच थांबू नको.

आता जे तू काढलंच नाही ते. रात्रघर. संध्याकाळी बंद केलेलं वानर सकाळीच बाहेर येते, म्हणजे अर्ध्याहून जास्त आयुष्य तिथं. तुझ्या नकाशावर तिथं "सर्व्हिसेस" लिहिलेला एक चौकोन आहे! खोल्या जोडीनं काढ, उंच बैठका, वारा, उजेड, कूलर. मधली सरकती दारं खाली एक, वर एक. दोर ओढते तिथून किपरले दार दिसलं पायजे. बाहेर निघायला दोन दारं, एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही.
आणि टोळीत मोठा नर बहुधा एकच राहते. वाढलेल्या नरांना तो हाकलते, नवा नर आला तर अंगावरची पिल्लं मारू शकते. मग वाढलेले पोट्टे कुठं ठेवशील? दुसरं आवार दाखवावंच लागते.

पळसफुली
काका, एक सोडून सगळं मान्य. लोकांना काय दिसतं याला तुम्ही फारच कमी भाव देताय. होजच्या लोंबत्या पट्ट्या पाहून पोरं वानराला भंगारातलं जनावर समजतात. मी लँडस्केपचं काम करते, माझं म्हणणं एवढंच की दोन्ही साधतं. अमेरिकेत सिएटलच्या वुडलँड पार्क प्राणीसंग्रहालयात १९७० च्या दशकाच्या शेवटी जोन्स अँड जोन्स या फर्मनं गोरिलांसाठी असंच केलं: पाहणाराही त्याच झाडीतून चालतो, कुंपण झाडांआड. झोळ्या बांबूच्या बेटामागे घ्या, किपरला दिसतील, गर्दीला नाही.

नुसत्या देखाव्याचा धोका मात्र खरा आहे. जर्मनीत प्राण्यांचा व्यापारी हागेनबेक यानं १९०७ मध्ये हॅम्बुर्गजवळच्या आपल्या प्राणीसंग्रहालयात गज काढून खंदक आणले, तेव्हापासून दगडी देखाव्यांची टूम निघाली. लंडनच्या प्राणीसंग्रहालयानं १९२५ मध्ये 'मंकी हिल' उभारली. दगडी टेकडी, वर सुमारे शंभर हमाड्रायस बबून जातीची माकडं, जवळजवळ सगळे नर. मारामाऱ्यांत कितीतरी मेले. टेकडी कितीही खरी दिसली तरी टोळीच चुकीची होती.

आणि ताई, रेंडरमध्ये ताडाची नि केळीची हिरवीगार गर्दी दिसतेय. आपलं जंगल एप्रिलात निष्पर्ण असतं. पळस, मोह, साग तसेच उघडे दाखव ना, कोण रागावतं? मेच्या सावलीला करंज, उंबर आहेतच.

वऱ्हाडी_टीस्क्वेअर
डेक काढला. खडक पूर्वेला, लहान. केळीही गेल्या (रेंडरमधल्या). किपरकाका, रात्रघराला फरशी कुठली? रोज धुता येईल अशी गुळगुळीत घेतली होती.

जुना_किपर
धुण्यापुरती राहू दे, पण निदान एका खोलीत लाकडाच्या चिपांचा जाड थर घाल. १९८२ मध्ये आठ जातींच्या माकडांवर याचा अभ्यास झाला. चिपांत दाणे टाकले तर ती शोधत बसली, भांडणं घटली. जुना थर घाण होईल वाटते, पण त्यात साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू उलट कमीच टिकला. आमचे साहेब तरी फिनाईलच मागवत होते, बाप्पा.
खाली निचरा नीट दे, पावसाळ्यात थर कुजते.
पळसफुलीबाई, झोळ्या बांबूमागे घ्या, हरकत नाही. फक्त तो बांबू वानराच्या हाताले लागणार नाही एवढं पाहा, कोंब खाऊन आठवड्यात साफ करते.
बेटा, आता सेक्शन टाक इथं. दारांसकट.