विषय : अलास्का सहल – एकट्याने येणाऱ्यांचे भाडे आणि फॉर्ममधला 'जोडीदाराचे नाव' हा रकाना

माई – सोमवार, रात्री ९.४०

सप्रेम नमस्कार.

मंडळाच्या अलास्काच्या जहाजसहलीचा फॉर्म भरायला आज तिसऱ्यांदा बसले आणि तिसऱ्यांदा त्याच जागी अडले. 'जोडीदाराचे नाव' या रकान्यापुढे लाल तारा आहे आणि तो रिकामा ठेवला तर फॉर्म पुढे सरकत नाही. आमचे हे जाऊन चार वर्षे झाली, हे मंडळात सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा त्या रकान्यात मी काय लिहावे, ते नानांनी कृपया कळवावे.

दुसरे असे की पत्रकात 'माणशी १,००० डॉलर' एवढेच छापले आहे. मी एजंटला फोन केला तेव्हा कळले की केबिन एकटीने घेतली तर तेच भाडे २,००० होते. पैसे भरण्याला माझी ना नाही, परंतु हा दुसरा आकडा पत्रकात का नाही, हे मला समजलेले नाही. अनामत रक्कम शुक्रवारपर्यंत भरायची आहे, म्हणून उत्तर लवकर मिळावे.

– माई

नाना – मंगळवार, सकाळी ७.१५

माई, फॉर्म मेक्सिकोच्या सहलीचाच घेतलेला आहे आणि त्या वेळी सगळी जोडपीच होती, म्हणून तो रकाना तसा राहिला. तूर्त तुम्ही 'ठरवायचे आहे' असे लिहावे. समिती सोयीची जोडी लावून देईल. भाड्याबद्दल म्हणाल तर ते मंडळ ठरवत नाही, कंपनी ठरवते, आणि समुद्रपर्यटनात सगळीकडेच दर एका केबिनमध्ये दोघे धरून सांगतात. गेली अकरा वर्षे मंडळाच्या सहली मी पाहतो आहे. प्रत्येक अपवाद पत्रकात छापायचे ठरवले तर पत्रकाची चार पाने होतील आणि मग ते कोणी वाचणार नाही.

– नाना, सहल समिती

माई – मंगळवार, सकाळी १०.०५

नाना, तुमच्या अकरा वर्षांच्या कामाबद्दल मला आदर आहे आणि मेक्सिकोला हे नसताना पहिल्यांदा बाहेर पडायचा धीर मला तुमच्याच आग्रहामुळे आला असता, पण तेव्हा गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे ते जमले नाही. तरीही 'अपवाद' हा शब्द मला पटलेला नाही. या सहलीसाठी मी, अक्का, तात्या, शाळेच्या बाई आणि डॉक्टर अशी पाच माणसे एकेकटी आहेत. वीस जोडप्यांच्या यादीत पाच म्हणजे थोडी नव्हेत.

हिशेब मी वहीत मांडून पाहिला, तो इथे देते. आतल्या केबिनचे भाडे माणशी १,००० डॉलर, कर आणि बंदरशुल्क २५०, आणि सात दिवसांची टिप दिवसाला १६ प्रमाणे ११२. जोडप्यातल्या प्रत्येकाला १,३६२ पडतात. एकट्या माणसाला भाडे दोघांचे लागते, पण कर आणि टिप एकाच माणसाची, म्हणजे २,३६२ पडतात. हे पावणेदोनपटीच्या आसपास आहे, दुप्पट नव्हे. आकडा स्पष्ट छापलेला नसल्यामुळे काही जण दुप्पट समजून आधीच नाद सोडतात आणि काही जण 'माणशी १,०००' वाचून नाव देतात व अनामत भरताना मागे फिरतात. दोन्हीकडे नुकसान मंडळाचेच होते.

आणि जोडी समितीने लावू नये, ही विनंती. मला रात्री दोन वेळा उठावे लागते, दिवा लावावा लागतो, आणि श्वासाचे यंत्र उशाशी चालू असते. ज्या बाईंशी माझे गणपतीच्या मांडवात चार वाक्यांपलीकडे बोलणे झालेले नाही, त्यांनी सात रात्री हे का सोसावे?

– माई

तात्या – मंगळवार, दुपारी १२.३०

माईंचा मुद्दा रास्त आहे. लहानपणी आम्ही भाऊच्या धक्क्यावरून रत्नागिरीला बोटीने जात असू. वडील मुंबईत नोकरीवर, म्हणून मे महिन्यात आई आम्हा दोघा भावांना घेऊन एकटीच निघे. डेकवर वळकटी पसरायची, ट्रंक उशाला घ्यायची, आणि रत्नागिरीला बोट खोल पाण्यात थांबली की पडावातून किनाऱ्याला लागायचे. तिकीट होते ते माणसाचे. आईचे पूर्ण, आमचे अर्धे. वडील सोबत नाहीत म्हणून त्यांच्या रिकाम्या जागेचे पैसे आईकडे कोणी मागितले नाहीत. आज या वयात मी दुसऱ्या अंथरुणाचे भाडे भरायचे आणि त्यावर कोणी झोपायचे नाही, हे मनाला पटत नाही.

– तात्या

दादा – मंगळवार, दुपारी १.१०

तात्या, डेक आणि केबिन यांत फरक आहे. डेकवर तुमच्या आईच्या शेजारची जागा दुसऱ्या प्रवाशाला देता येत होती, बंद केबिनमधली देता येत नाही. प्रत्येक केबिनमध्ये दोन माणसे असली की जहाज शंभर टक्के भरले, असे या धंद्यात मोजतात. तिसऱ्या-चौथ्या बर्थवर मुले आली की तो आकडा शंभराच्याही वर जातो. केबिनमध्ये एकच माणूस राहिला तर कंपनीचे एक भाडे तर जातेच, शिवाय बार, स्पा, कॅसिनो आणि किनाऱ्यावरच्या सहली यांवर त्या दुसऱ्या माणसाने जो खर्च केला असता तोही बुडतो, आणि कंपन्यांच्या उत्पन्नाचा मोठा भाग या खर्चातून येतो. 'सिंगल सप्लिमेंट' म्हणजे एकट्याने केबिन घेणाऱ्यावरचे जादा भाडे शंभर टक्के असते ते यामुळे. केबिन रिकाम्या राहू लागल्या की काही कंपन्या ते पन्नास किंवा पंचवीस टक्क्यांवरही आणतात, पण अलास्काच्या जुलै-ऑगस्टच्या हंगामात तशी अपेक्षा धरू नये.

२०१० साली 'नॉर्वेजियन एपिक' या जहाजावर एका माणसासाठी १२८ 'स्टुडिओ' केबिन काढल्या गेल्या. सुमारे १०० चौरस फुटांची खोली, खिडकी समुद्राकडे नव्हे तर आतल्या मार्गिकेकडे, आणि या प्रवाशांसाठी वेगळा दिवाणखाना. २०१८ साली आपल्या सिॲटलहून अलास्काला जाऊ लागलेल्या 'नॉर्वेजियन ब्लिस'वरही स्टुडिओ आहेत. तथापि अशा केबिन थोड्या असतात आणि आधी संपतात, त्यामुळे हंगामात त्यांचा दर पुष्कळदा एकट्याने घेतलेल्या साध्या केबिनच्या जवळ जातो. आपण ठरवलेल्या जहाजावर स्टुडिओ नाहीत. जहाज ठरवताना एकटे येणारे किती आहेत हे आधी विचारले असते, तर हा पर्याय हाताशी राहिला असता.

– दादा

नाना – मंगळवार, दुपारी २.००

जहाज समितीने तीन बैठका घेऊन ठरवले आहे आणि त्या बैठकांची सूचना याच ईमेल-यादीवर दिली होती. त्यावर आता चर्चा नको.

– नाना

वहिनी – मंगळवार, सायंकाळी ५.२५

आमच्या घरचा अनुभव सांगते, कोणाला उपयोग होईल. आई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आली आहे. तिला वेगळी केबिन न घेता आमच्याच केबिनमध्ये तिसरा बर्थ घेतला, त्याचे भाडे ४०० डॉलर आहे. एकट्या आलेल्या तिघी बायकांनी मिळून एक केबिन घेतली तर २,४०० डॉलर तिघींत वाटले जाऊन भाडे माणशी ८०० होईल, म्हणजे जोडप्यांपेक्षाही कमी.

दोन गोष्टी मात्र आधी पाहाव्यात. तिसरा बर्थ बहुतेक वेळा भिंतीतून खाली येणारा वरचा असतो, त्याला लोखंडी शिडी असते, आणि आमच्या केबिनमध्ये त्यावर आमचे हे झोपणार आहेत, आई नव्हे. शिवाय परतीच्या वाटेवर जहाज कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबते. आपल्यापैकी ग्रीन कार्ड असलेल्यांना भारतीय पासपोर्ट आणि ते कार्ड दाखवून चालते, पण भेटीच्या व्हिसावर आलेल्या आई-वडिलांना कॅनडाचा वेगळा व्हिसा लागतो. आम्ही आईचा अर्ज करून ठेवला आहे.

– वहिनी

अक्का – मंगळवार, रात्री ८.५०

वहिनींची सूचना चांगली आहे, परंतु वाटणीच्या केबिनमध्ये एक धोका असतो आणि तो मी सोसलेला आहे. तीन वर्षांपूर्वी मी आणि माझी एक मैत्रीण अशी दोघींनी कॅरिबियनची केबिन घेतली. निघायला तीन आठवडे असताना तिची शस्त्रक्रिया निघाली. कंपनीने तिच्या भाड्यातला मोठा भाग कापून घेतला आणि मला एकटीच्या दराने नवे बिल पाठवून फरक भरायला सांगितले. तो फरक मी भरला, मैत्रिणीला शब्दाने बोलले नाही, पण घरखर्चाची घडी बसायला मला चार महिने लागले.

त्यानंतर समजले की प्रवासविम्याच्या पुष्कळ पॉलिसींमध्ये याची तरतूद असते. सोबतचा प्रवासी पॉलिसीत दिलेल्या कारणामुळे रद्द झाला, तर राहिलेल्या माणसावर पडणारे वाढीव भाडे विमा कंपनी देते. आपल्याला आधीपासून असलेल्या दुखण्यांचाही त्यात समावेश व्हायचा असेल, तर पहिली अनामत भरल्यापासून दोन-तीन आठवड्यांच्या आत पॉलिसी घ्यावी लागते. वाटणीत राहणाऱ्या प्रत्येकाने हे शुक्रवारनंतर लगेच पाहावे, एजंट आपण होऊन सांगत नाही.

– अक्का

खजिनदार – बुधवार, सकाळी ८.२०

चर्चा वाचली. एजंटाने दिलेल्या करारानुसार पूर्ण भाडे भरलेल्या दर सोळा प्रवाशांमागे एका प्रवाशाचे भाडे माफ होते, कर आणि बंदरशुल्क नाही. चाळीस प्रवाशांवर अशी दोन क्रेडिटे, म्हणजे २,००० डॉलर मिळतील. मेक्सिकोच्या वेळी ही रक्कम गणेशोत्सवाच्या सभागृहाच्या भाड्याला गेली आणि या वर्षीच्या अंदाजपत्रकातही ती तशीच धरलेली आहे. ती एकट्या प्रवाशांना वाटावी असे कोणी सुचवणार असेल, तर त्याआधी कार्यकारिणीचा निर्णय लागेल, हे नम्रपणे नोंदवतो.

– खजिनदार

माई – बुधवार, सकाळी ९.४५

खजिनदार साहेब, ही क्रेडिटे असतात हे मला आज प्रथमच कळले. माझा प्रश्न एवढाच आहे की चाळीस हा आकडा कसा काढला? आम्ही पाच जण एकेकट्याने केबिन घेतल्या, तर आम्ही दहा जणांचे पूर्ण भाडे भरणार आहोत. मोजणीत आम्ही पाच धरले जातो, दहा धरले जातो, की धरलेच जात नाही? कृपया एजंटाला हे लेखी विचारावे.

– माई

नाना – बुधवार, सायंकाळी ६.३०

एजंटाचे उत्तर आले आहे आणि ते मी जसेच्या तसे कळवतो. आपल्या करारात दुप्पट भाडे भरणारा एकटा प्रवासी मोजणीत दोन धरला जातो. तिसऱ्या बर्थचा प्रवासी धरला जात नाही, म्हणून वहिनींच्या आई मोजणीत नाहीत.

पाचही जण एकेकटे राहिले तर चाळीस आणि दहा मिळून पन्नास होतात, आणि अठ्ठेचाळीसला तिसरे क्रेडिट मिळते. तिघांनी एक केबिन घेतली आणि दोघे एकेकटे राहिले, तर चाळीस, दोन आणि चार असे सेहेचाळीस होऊन तिसरे क्रेडिट जाते, पण त्या तिघांचे मिळून ३,६०० डॉलर वाचतात, तेव्हा त्यांनी क्रेडिटाकडे पाहू नये. दोघांनी वाटून घेतली आणि तिघे एकेकटे राहिले, तर बरोबर अठ्ठेचाळीस होतात. तिथे मात्र एकही जोडपे गळाले तर आपण खाली येतो.

माई, हा हिशेब करताना माझ्या ध्यानात आले की हे तिसरे क्रेडिट आलेच तर ते तुमच्यामुळे येते, जोडप्यांमुळे नव्हे. ही गोष्ट मी समितीत आधी मांडायला हवी होती. फॉर्ममधला लाल तारा आज काढला आहे. रकान्याचे नाव 'केबिनमधील सोबती' असे केले असून त्यात 'एकट्याने', 'माझी सोबत ठरली आहे' आणि 'सोबत हवी आहे, आधी फोनवर बोलू इच्छितो/इच्छिते' असे तीन पर्याय ठेवले आहेत. पत्रकात १,३६२ आणि २,३६२ हे दोन्ही आकडे कर आणि टिप धरून एकाखाली एक छापले आहेत. समिती कोणाची जोडी लावणार नाही.

– नाना

खजिनदार – बुधवार, रात्री १०.१५

पहिल्या दोन क्रेडिटांवर मी आज शब्द देऊ शकत नाही, तो विषय रविवारच्या बैठकीत घेतला आहे. तिसरे क्रेडिट अंदाजपत्रकात कुठेही धरलेले नव्हते, म्हणून ते एकट्याने भाडे भरणाऱ्यांत समान वाटायला माझी संमती आहे. तिघे एकेकटे राहिले तर प्रत्येकी सुमारे ३३३ डॉलर कमी होतील. सभागृहाचे भाडे यंदा वाढले आहे, हे बैठकीत मी मांडणार आहेच. माईंनी बैठकीला यावे.

– खजिनदार

अक्का – गुरुवार, सकाळी ९.००

काल रात्री शाळेच्या बाईंशी तासभर फोनवर बोलले. त्यांना पहाटे साडेचारला उठायची सवय आहे आणि मला रात्री अकरापर्यंत वाचायची. त्यांनी डोळ्यांवर बांधायची पट्टी आणायचे कबूल केले आहे, आणि पहाटे त्या उठल्यावर मी त्यांना तासभर अंधारात बसायला लावणार नाही. दोन्ही पलंग खाली आणि वेगवेगळे हवेत असे एजंटाला कळवले आहे. दोघींचा विमा एकाच दिवशी काढणार आहोत.

नाना, आमच्या दोघींच्या फॉर्ममध्ये 'माझी सोबत ठरली आहे' यावर खूण केली आहे.

– अक्का

माई – गुरुवार, सकाळी ११.२०

नाना, फॉर्म गेला. 'एकट्याने' यावर खूण केली आहे. यंत्रासाठी पलंगाच्या उशाशी वीज लागते आणि जहाजावर सर्ज प्रोटेक्टर (विजेच्या झटक्यापासून संरक्षण) असलेली सॉकेटची पट्टी नेऊ देत नाहीत, म्हणून सॉकेट कुठे आहे ते एजंटाकडून विचारून घ्यावे. रविवारी बैठकीला येते. तात्यांना बस नाही, त्यांना मी गाडीतून घेऊन येईन.

– माई